चित्र काढणाऱ्याचा टाइप काढू नका

जळगाव, धुळे, भुसावळ, कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर जा, कॉमिक्स नि मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचणारी पोरं आता भरपूर दिसतात आणि मला त्याचा खरंच आनंद आहे. एकेकाळी भुसावळ जंक्शनच्या बुकस्टॉलवर चाचा चौधरी नाहीतर नागराज मिळाला तर मिळाला, आता मोबाइलवर अख्ख्या जगाचं कॉमिक वाचता येतं. पण ह्या वाचनासोबत एक खेळ पण आलाय आणि तो मला अजिबात पटत नाही. चार पानं वाचायची नि चित्रकाराचा टाइप, म्हणजे एमबीटीआय नावाच्या स्वभावाच्या टेस्टमधली चार अक्षरं, सांगून मोकळं व्हायचं. "हा आयएनएफपी आहे भो, बघ ना किती एकटं एकटं काढतो." "ही ईएनटीजे असणार, पॅनल बघ कसे आखीव आहेत." ज्या माणसाला कधी पाहिलं नाही, ज्याचा आवाज ऐकला नाही, त्याच्या स्वभावाची चार अक्षरं ठरवून टाकायची, आणि पुढचं प्रत्येक पान त्या चार अक्षरांमधूनच वाचायचं.

मी शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची तयारी करून घेते, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. माझं म्हणणं स्पष्ट आहे. चित्रावरून चित्रकाराचा टाइप काढता येत नाही, आणि तो काढायच्या नादात आपण समोरचं चित्र बघायचंच विसरतो. वरून जी पोरं-पोरी आत्ता आपल्या भागात चित्रं काढायला लागलीत त्यांचं ह्यात नुकसान होतं. त्यामुळे "टाइमपास आहे, सोडून द्या ना ताई" असं कोणी म्हटलं तरी मी सोडणार नाही.

आधी हे टाइप आले कुठून ते बघू. कार्ल युंग ह्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ साली माणसांच्या मानसिक प्रकारांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या आधाराने अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स ह्या दोघींनी एमबीटीआयची प्रश्नावली बनवली. दोघींपैकी कोणीच मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. चार जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक अक्षर, असे एकूण १६ टाइप. आता मुळात माणसं अशी दोन ढिगांत पडत नाहीत, बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात, मधोमध रेघ मारली की रेघेच्या अल्याड-पल्याडची दोन जवळपास सारखी माणसं एकदम उलट्या अक्षरांची होऊन बसतात, आणि तोच माणूस काही आठवड्यांनी परत टेस्ट देतो तेव्हा एखादं अक्षर बदलणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मानसशास्त्रातले लोक ह्यावर कितीतरी वर्षं बोलत आलेत.

पण ते सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट राहतेच. ही टेस्ट ज्यांनी बनवली आणि जे ती चालवतात त्यांचाच नियम असा आहे की माणसाने स्वतःबद्दलचे प्रश्न स्वतः सोडवायचे आणि आपला टाइप कोणता ह्यावर शेवटचा शब्द पण त्याचाच. नोकरीला घेताना उमेदवार निवडायला ही वापरू नका असंही तेच सांगतात. म्हणजे दुसऱ्याचं काम बघून त्याचा टाइप ठरवणं हे त्या पद्धतीच्या आतही बसत नाही.

आता चित्राकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. चित्रातून स्वभाव ओळखायचा हा प्रयत्न तज्ज्ञांनी फार आधीच करून बघितलेला आहे. "एका माणसाचं चित्र काढा" असं सांगायचं आणि त्यावरून काढणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते सांगायचं, अशी टेस्ट दवाखान्यांमधे वापरली जायची. डोळे मोठे किंवा विचित्र काढले तर माणूस संशयी, खांदे रुंद काढले तर त्याला आपल्या पुरुषपणाची काळजी, डोकं मोठं काढलं तर बुद्धीची काळजी. १९६७ मधे लोरेन चॅपमन आणि जीन चॅपमन ह्या नवरा-बायकोने ह्यावर एक प्रयोग छापला. त्यांनी अशी चित्रं घेतली आणि प्रत्येक चित्राखाली कुठलंही लक्षण चिकटवलं, चित्राचा नि लक्षणाचा काही संबंधच ठेवला नाही. मग ती चित्रं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दाखवली, ज्यांना ह्या टेस्टची काहीही माहिती नव्हती, आणि विचारलं की तुम्हाला काय संबंध दिसतो. त्या विद्यार्थ्यांना तेच सगळे संबंध "दिसले" जे अनुभवी तज्ज्ञ सांगायचे. संशयी माणसाचे डोळे, काळजीवाल्याचे खांदे, सगळं तेच. म्हणजे जे चित्रात नव्हतंच ते बघणाऱ्याने घरून सोबत आणलं होतं. डोळा म्हटलं की आपल्याला पाळत आठवते, संशय आठवतो, ही आपल्या डोक्यातली सवय झाली, काढणाऱ्याचा तिथे काही हात नाही.

हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कट्ट्यावरची पोरं आज तंतोतंत हेच करताहेत. मोठे डोळे म्हणजे भावनाप्रधान, मोकळी जागा म्हणजे एकटेपणा, काळं जास्त म्हणजे डिप्रेशन. अरे पण मांगामधले मोठे डोळे ओसामु तेझुका ह्या जपानी चित्रकाराच्या काळापासून चालत आलेत, आणि तेझुकाने ते डिस्नेच्या कार्टूनमधून उचलले, तो स्वतः डॉक्टरी शिकलेला माणूस. त्याच्यामागून हजारो चित्रकारांनी तसे डोळे काढले कारण वाचकाला चेहऱ्यावरचा भाव लगेच कळतो. ते हजारो लोक काय एका स्वभावाचे होते? आणि मोकळ्या जागेचं म्हणाल तर वर्तमानपत्रातलं पॉकेट कार्टून एका कॉलमच्या रुंदीत बसवायचं असतं, त्यात मागचं झाड, भिंत, आकाश सगळं भरलं तर छापल्यावर नुसता काळा डाग दिसेल, म्हणून चित्रकार जागा सोडतो. जुन्या काळी रेखाचित्र झिंकच्या ब्लॉकवरून छापायचे, त्या ब्लॉकला करडा रंग येतच नव्हता, एकतर काळं नाहीतर पांढरं, म्हणून सावली दाखवायची तर बारीक बारीक रेघा माराव्या लागायच्या. आज कोणी त्या रेघा बघून म्हणेल की हा माणूस अस्वस्थ होता, आणि तो बिचारा फक्त छापखान्याची अडचण सोडवत होता.

आमच्या परीक्षेतलंच सांगते. एलिमेंटरीला स्मरणचित्र असतं, विषय येतो बाजार, जत्रा, पाणवठा, पोळा असा काहीतरी. शंभर मुलांचे कागद समोर ठेवा, त्यातल्या बऱ्याच कागदांवर माणसं पाठमोरी दिसतील. डोक्यावर हंडा घेऊन चाललेली बाई पाठमोरी, फुगेवाल्यासमोरचं पोरगं पाठमोरं, बैलामागून चाललेला शेतकरी पाठमोरा. टाइपवाले म्हणतील ही मुलं अंतर्मुख आहेत, जगाकडे पाठ फिरवून उभी आहेत. खरं कारण असं की चेहरा नि हाताचे पंजे काढणं अवघड असतं, वेळ कमी असतो, आणि आम्ही सरांनी-मॅडमनीच त्यांना शिकवलेलं असतं की येत नसेल तर पाठमोरं काढ, मार्क जात नाहीत. तसंच ते दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी नि नारळाचं झाड. रावेर-यावलच्या केळीच्या बागांमधे वाढलेलं पोरगं पण झोपडीजवळ नारळच काढतं, केळ काढत नाही, कारण त्याच्या आधीच्या सगळ्यांनी नारळ काढलाय. ह्यात त्याचा स्वभाव कुठे शोधणार? चित्रात शिकवणं असतं, नक्कल असते, कागदाचा आकार असतो, घाई असते, गिऱ्हाइकाची मागणी असते, आणि हे सगळं वजा केल्यावर जे उरेल त्यातला थोडा भाग कदाचित त्या माणसाचा.

कॉमिक्समधे तर अजून एक गोष्ट आहे, ते बऱ्याचदा एका माणसाचं काम नसतंच. लिहिणारा एक, पेन्सिलने काढणारा एक, शाई करणारा वेगळा, अक्षरं टाकणारा वेगळा, वर संपादक. अमर चित्र कथेच्या कृष्णाची चित्रं राम वाईरकरांनी काढली आणि टिंकलमधला सुपंडीही त्यांच्याच हातचा. पुण्याचे प्रताप मुळीक अमर चित्र कथेसाठी पण काढायचे आणि सुरुवातीचा नागराजही त्यांनीच काढला. आता सांगा, कृष्णावरून वाईरकरांचा टाइप काढायचा का सुपंडीवरून?

कोणी म्हणेल, ठीक आहे, टीममधलं काम सोडा, पण जो एकटा काढतो त्याचं तर कळेल ना. तर एकट्याने काढणाऱ्यांमधे चार्ल्स शुल्झएवढा मोठा दाखला दुसरा नाही. त्याने पीनट्स ही अमेरिकन वर्तमानपत्रांतली कॉमिक पट्टी १९५० ते २००० अशी पन्नास वर्षं काढली, एकूण १७,८९७ पट्ट्या, एकही असिस्टंट न ठेवता, रेघ त्याची, अक्षर त्याचं, विनोद त्याचा. चित्रातून माणूस कळत असता तर हा माणूस जगात सगळ्यात जास्त कळायला पाहिजे होता. २००७ मधे डेव्हिड मायकेलिस ह्या चरित्रकाराने त्याचं जाडजूड चरित्र लिहिलं, त्यात पट्ट्यांचा पुरावा म्हणून भरपूर वापर केला आणि एक उदास, आतून एकाकी माणूस उभा केला. शुल्झच्या मुलांनी ह्याला जाहीर आक्षेप घेतला, आमचे वडील असे नव्हते म्हणून. कोण बरोबर कोण चूक ह्याचा निकाल मी लावत नाही. पण एवढ्या पट्ट्या वाचून, कागदपत्रं बघून, लोकांना भेटून जिथे एकमत होत नाही, तिथे आपण दोन-चार पानं वाचून अक्षरं ठरवतो हे धाडस मला फार वाटतं. त्यात पीनट्समधला मुलगा चार्ली ब्राऊन पण शुल्झच आणि त्याचा कुत्रा स्नूपी पण शुल्झच, एक कायम हरणारा नि दुसरा आपल्या घराच्या छतावर पडून स्वतःला हिरो समजणारा. तुम्हाला ज्याच्यात स्वतःचं काहीतरी दिसतं तोच तुम्ही "खरा शुल्झ" म्हणून निवडता.

आपल्या महाराष्ट्रातलं बघा. आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे एकेकाळी मुंबईत फ्री प्रेस जर्नलमधे एकत्र काम करायचे, दोघंही राजकीय व्यंगचित्रकार, दोघांचीही रेघ जोरकस. एकाने १९६० मधे मार्मिक काढलं, १९६६ मधे पक्ष काढला नि मैदानं गाजवली. दुसरा कितीतरी दशकं कॉमन मॅन काढत ड्रॉइंग बोर्डाशी बसून राहिला. त्या वेळची दोघांची चित्रं शेजारी ठेवून कोणी सांगितलं असतं का की ह्यातला लाखोंच्या सभेत बोलणारा कोण? आणि वसंत सरवटे, ज्यांची चित्रं बघून वाटतं की हा माणूस साहित्यिकांच्याच बैठकीत राहत असेल, ते सिव्हिल इंजिनिअर होते, नोकरी करत करत चित्रं काढायचे. जपानचा जुंजी इतो अंगावर काटा येईल अशा भयकथा काढतो, मूळचा दातांच्या कवळ्या नि साचे बनवणारा टेक्निशियन, आणि मुलाखतीत बघाल तर शांत, हसरा माणूस.

पण मला सगळ्यात जवळचा दाखला आपल्या चाळीसगावचा वाटतो. केकी मूस. ते कॉमिक काढत नव्हते, फोटोग्राफर होते, चित्रकारही होते, पण मुद्दा तोच आहे. इंग्लंडला शिकून आलेला हा पारशी माणूस चाळीसगाव स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात राहिला आणि अनेक दशकं बंगल्याबाहेर जवळपास पडलाच नाही, १९८९ मधे गेला. त्यांचं नाव झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीसाठी. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश असा टाकायचा की फोटोत तो अख्खा निसर्ग वाटावा. ते फोटो नुसते समोर ठेवले आणि नाव झाकलं तर कोणालाही वाटेल की काढणारा डोंगरदऱ्या पालथ्या घालणारा भटक्या असणार. आणि वस्तुस्थिती त्याच्या अगदी उलट. ह्यावर टाइपवाले लगेच म्हणतील, बरोबर आहे, घरात बसणारा म्हणजे इन्ट्रोव्हर्ट, कल्पनेत रमणारा, म्हणूनच असे फोटो. पण बघा ना, हे उत्तर कधी सुचलं? आयुष्य कळल्यावर. आधी फोटोवरून भटक्या म्हटलं, मग माहिती मिळाल्यावर त्याच फोटोंमधून घरकोंबडा काढून दाखवला. जी पद्धत दोन्ही उलट्या उत्तरांना तितक्याच सहज पुरावा देते ती पद्धत काहीच सांगत नाही.

बालकवींचं पण असंच. धरणगावात १८९० साली जन्मलेले, १९१८ मधे भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नव्हतं. शाळेत आपण सगळे त्यांना निसर्गाचे, आनंदाचे कवी म्हणून शिकलो, आनंदी आनंद गडे म्हणत. आणि त्याच हाताने "पारवा" लिहिलेली आहे, पडक्या धर्मशाळेच्या कौलावर बसून एकटाच घुमणारा पारवा. दोन्ही कविता खऱ्या आहेत, दोन्ही त्यांच्या आहेत. माणूस सकाळी एक असतो, संध्याकाळी एक असतो, त्यातही कविता लिहिताना तो कवितेला काय लागतं ते बघत असतो. त्यांना एका डब्यात टाकायचं ठरवलं तर दोनपैकी एक कविता फेकून द्यावी लागेल.

आता माझ्या विरुद्ध बाजूने सगळ्यात भक्कम दाखला येतो तो हर्जेचा, आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. टिनटिनच्या ह्या चित्रकाराचा १९५० च्या दशकाच्या शेवटी संसार मोडायला आला होता, त्याला रात्री सगळं पांढरंच पांढरं दिसायचं, अशी भीतीदायक स्वप्नं पडायची. तो झुरिकच्या एका युंगपंथी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला, त्याने सांगितलं काम थांबवा. हर्जेने थांबवलं नाही, आणि त्यातून तिबेटची ती गोष्ट पूर्ण झाली, पानंच्या पानं पांढरा बर्फ आणि हरवलेल्या मित्राचा शोध, पुस्तक १९६० मधे आलं. म्हणजे आयुष्य चित्रात उतरतं, हे मी शंभर टक्के मान्य करते. पण हे आपल्याला कळलं कसं? हर्जेने सांगितलं म्हणून. नुसती ती पांढरी पानं बघून कोणी म्हटलं असतं की तिबेट आहे, बर्फ असणारच. आणि उतरलं काय, तर एका कठीण काळातलं दुःख. चार अक्षरांचा कायमचा टाइप उतरला नाही. हर्जेची बाकीची पुस्तकं अशी नाहीत.

मग हे अंदाज एवढे बरोबर का वाटतात? ह्याचं उत्तर पण जुनं आहे. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक टेस्ट दिली आणि नंतर प्रत्येकाला "तुझं खास स्वभाववर्णन" म्हणून कागद दिला. मुलांनी तो किती जुळतो ह्याला पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता, आणि तो बाजारात मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. १९४९ मधे त्याने हे छापलं. "तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून कधी कधी स्वतःवर शंका घेता" हे कोणाला लागू होत नाही सांगा. चित्रकाराला लागू होतंच, कारण तो माणूस आहे. जपानमधे हेच रक्तगटावरून चालतं, मांगातल्या पात्रांच्या माहितीत रक्तगट पण देतात. आपल्याकडे रास होती, आता चार इंग्रजी अक्षरं आली.

नुकसान काय होतं तेही सांगते. चोपड्याकडची एक मुलगी माझ्या ओळखीत आहे, अहिराणीत छोट्या छोट्या कॉमिक पट्ट्या काढायची, आजी, म्हैस, शेजारची भांडखोर काकू, हसून हसून पुरेवाट व्हायची. मैत्रिणींनी तिला सांगितलं तू तर पक्की इन्ट्रोव्हर्ट आहेस, तुझ्या चित्रात आजी नेहमी एकटी बसलेली असते. तिने टेस्ट दिली, अक्षरं पण तशीच आली. त्यानंतर तिच्या पट्ट्यांमधून काकू गेली, भांडण गेलं, म्हैस पण गेली, उरली एक खिडकी, पाऊस नि चहाचा कप. मी विचारलं काकू कुठे गेली गं, तर म्हणे "मॅडम, ते माझ्या टाइपचं नाही." सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने असं म्हणावं ह्याचं मला फार वाईट वाटलं. त्या वयात हाताने दहा गोष्टी करून बघायच्या असतात, आणि तिने आधीच ठरवून टाकलं की आपल्याला काय जमणार नाही.

हेच पुढे करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत येतं, दहावी-बारावीच्या पालकांना सांगतात की मुलाच्या चित्रावरून आम्ही त्याचा स्वभाव नि कोर्स सुचवतो. आपल्या भागातला शेतकरी बाप, कापसाच्या पैशातून फी भरणारा, तो ह्यावर विश्वास ठेवतो कारण सांगणारा कोट घालून आलेला असतो नि रिपोर्ट रंगीत असतो. मुलाने ठळक रेघ मारली म्हणून त्याला मॅनेजमेंटला पाठवा, फिकट मारली म्हणून नको, ह्याला कसलाही आधार नाही. रेघ फिकट आली कारण पेन्सिल एचबी होती, फोर-बी नव्हती. शाळांनी अशी शिबिरं आपल्या आवारात होऊ देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे, आणि पालकांनी फी भरायच्या आधी एवढंच विचारावं की हेच चित्र मुलाने महिन्याभराने परत काढलं तर उत्तर हेच येईल का.

मग चित्रातून काहीच कळत नाही का? कळतं ना, खूप कळतं. लक्ष्मण यांना कावळे आवडायचे, लहानपणापासून, आणि त्यांनी काढलेले कावळे बघा, मान कशी वाकडी, नजर कशी तिरकी, एका जागी किती वेळ उभं राहून बघितलं असेल ते रेघेत दिसतं. शि. द. फडणीस शब्दांशिवाय हसवतात, म्हणजे गोष्ट डोळ्यांना कळेपर्यंत त्यांनी एकेक वस्तू कुठे ठेवायची ह्याचा किती विचार केला ते दिसतं. त्या माणसाचं लक्ष कुठे जातं, तो कशावर वेळ घालवतो, काय गाळतो, हे चित्रात असतं. तो पार्टीत बोलतो का कोपऱ्यात बसतो, हे नसतं. आणि स्वभावच शोधायचा असेल तर रेघेपेक्षा त्याचे निर्णय बघा. बिल वॉटरसनने केल्विन अँड हॉब्स ही अमेरिकन कॉमिक पट्टी १९८५ ते १९९५ काढली, त्यातल्या हॉब्स वाघाची खेळणी, टीशर्ट, कॉफीचे मग काढून वारेमाप पैसा मिळाला असता, त्याने नाही म्हटलं आणि त्यासाठी आपल्या सिंडिकेटशी, म्हणजे पट्टी वर्तमानपत्रांना विकणाऱ्या कंपनीशी, वर्षानुवर्षं भांडला. हा स्वभाव कुठल्या पॅनलमधे दिसत नाही, तो त्याने कशावर सही केली नाही ह्यात दिसतो.

आज खान्देशात अहिराणीत, लेवा बोलीत कॉमिक काढायला बघणारी पोरं आहेत, मोबाइलवर बोटाने काढतात, काही वहीच्या मागच्या पानावर. त्यांना विचारायला कितीतरी प्रश्न आहेत. तिसऱ्या चौकटीत कोणीच बोलत नाही, ते का? आजीचं लुगडं तू सगळं काळं भरलंस, काठ पांढरा सोडलास, हे कुठून सुचलं? काकूचा हात कमरेवर आहे तो आरशात बघून काढला का आठवून? "कायले" हा शब्द फुग्यात एवढा मोठा का लिहिला? असं विचारलं की पोरं अर्धा अर्धा तास बोलतात, आणि घरी जाऊन पुढची पट्टी काढतात.